रंग निराळा, जाती एक

वाटाण्याच्या रोपांवरून मेंडेलने मांडलेले आनुवंशिकतेचे नियम आपण सर्वांनी शालेय पाठ्यपुस्तकांत अभ्यासले आहेत. तेच नियम काचेच्या टाकीत प्रत्यक्ष पाहता येतात. त्यासाठी सिक्लिड कुळातील मासे फार उपयुक्त आहेत. आपल्या बाजारातील चिलापी आणि कोकणच्या खाड्यांतील कालुंदर हे याच कुळातील होत.

मध्य अमेरिकेतील ‘कन्व्हिक्ट’ सिक्लिडचे उदाहरण घेऊ. अंगावरील काळ्या उभ्या पट्ट्यांमुळे त्याला ‘कैदी’ हे नाव मिळाले. मत्स्यपालकांनी त्याचेच एक फिकट गुलाबी, पट्टेविरहित वाण जोपासले आहे. शुद्ध पट्टेरी व गुलाबी माशांची जोडी लावली, तर सर्व पिल्ले पट्टेरी निपजतात. गुलाबी रंग कायमचा गेला असे वाटते. परंतु हीच पिल्ले मोठी झाल्यावर त्यांची आपसांत जोडी लावली, तर पुढील पिढीत सरासरी तीन पट्टेरी व एक गुलाबी असे प्रमाण दिसते. गुलाबी रंगाचा घटक अप्रभावी असतो. तो माता व पिता या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. म्हणून बाह्य रंगावरून आतील वारसा ओळखता येत नाही. अशा मिश्ररंगी पिल्लांची राखण नर व मादी दोघेही करतात.

मात्र प्रत्येक रंगभेद केवळ वाणाचा नसतो. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात निळसर व तांबड्या नरांचे सिक्लिड या दोन निकटच्या जाती आहेत. मादी रंग पाहून जोडीदार निवडते. पाणी गढूळ झाले की रंग नीट दिसत नाहीत, निवड चुकते आणि दोन जाती एकमेकींत मिसळू लागतात, असे सीहाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. म्हणून मत्स्यपालकाने दोन वाणांचा संकर अवश्य करावा, पण निरनिराळ्या जाती वेगळ्या ठेवाव्यात, प्रत्येक जोडीची नोंद ठेवावी, संकरित पिल्ले शुद्ध म्हणून विकू नयेत आणि नदी-तलावात सोडू नयेत.

येथे एक शंका उपस्थित केली जाते : माशांच्या जाती वेगळ्या राखायच्या, तर माणसांच्या का नकोत? शब्द सारखा असला तरी अर्थ सारखा नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात भगवान बुद्धांनी तृण, वृक्ष, पशू, पक्षी आणि मासे यांची जन्मसिद्ध भिन्न लक्षणे सांगितली; माणसामाणसांत मात्र अशी भिन्न लक्षणे नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच विचार विज्ञानाच्या भाषेत मांडला. मानववंश वेगवेगळे मानले, तरी ते एकाच जातीचे प्रकार ठरतात आणि त्यांच्या संयोगातून प्रजननक्षम संतती निपजते, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्हिक्टोरिया सरोवराचा दाखला देऊन आंतरजातीय विवाहाला विरोध करणारा म्हणूनच विज्ञान व धम्म या दोहोंशी विसंगत बोलतो. माणसांना लागू पडायचे असेल, तर ते पट्टेरी आणि गुलाबी कन्व्हिक्टचे उदाहरण होय.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी घरी अशी टाकी ठेवल्यास मुलांकडून पिल्लांचे रंग मोजून घ्यावेत. गणित, जीवशास्त्र आणि समतेचा विचार ही तिन्ही त्यांना एकाच वेळी उमगतील, असा आम्हांला विश्वास वाटतो.