चार चाकं, भार तिघांवर

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, मशीनिंग होऊन जातात. मधला सगळा प्रवास ट्रॉलीवरून. मशीन घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. ट्रॉलीची चाकं मात्र किलोवर खिळे घ्यावेत तशी उचलून आणतो. मीही त्यातलाच होतो; पुढे शिकलो ते असं.

१. चार चाकांची ट्रॉली बहुतेक वेळ तीनच चाकांवर उभी असते. कोबा कुठेतरी बसलेला असतो, फ्रेम वेल्डिंगच्या उष्णतेनं जराशी पिळलेली असते. मग एक चाक अधांतरी, आणि त्याचा वाटा बाकीच्या तिघांवर. म्हणून ट्रॉली धरून वजन ९०० किलो असेल, तर २२५चं नव्हे, ३०० किलोचं चाक घ्यायचं. पदवी माझ्याकडे, पण हे गणित मला सांगितलं हार्डवेअरवाल्यानं, चहा ओतता ओतता. शिवाय चेनपुलीवरून जॉब टेकताना जो हिसका बसतो, तो या ३०० मध्ये धरलेलाच नाही.

२. टिकाऊ चाक म्हणजे कडक चाक, असं वाटतं खरं. बिडाचं चाक वर्षानुवर्षं टिकतं, पण कोबा टिकत नाही. नायलॉन हलकं पळतं, पण खडखडाट एवढा की फोनवर बोलता येत नाही. रबर बिचारं शांत; मात्र लेथखालच्या चिप्स त्यात रुततात आणि भरलेली ट्रॉली आठवडाभर जागेवर राहिली की चाक खालून चपटं होतं. राहता राहिलं बिडाच्या गाभ्यावरचं पॉलियुरेथेन. माझं मत त्याच्याच बाजूचं, पण त्यातही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचं पाणी आणि दमट हवेनं हळूहळू विरतं, त्याचे तुकडे पडू लागतात. पॉलिइथर जातीचं ओलाव्यात चांगलं टिकतं. आमच्याकडे कूलंट बारमाही सांडतं आणि वर कोल्हापूरचा पाऊस. दिसायला दोन्ही जाती सारख्याच, त्यामुळे दुकानात विचारल्याशिवाय कळत नाही.

३. चाकाचा व्यास हा ढकलणाऱ्याच्या कमरेचा प्रश्न आहे. मी कागदावर वजनं मांडत बसायचो. एक दिवस आमचे हेल्पर मामा म्हणाले, “साहेब, येकदा तुमीच ढकला की.” ढकलली. सरकत्या दरवाज्याच्या पट्टीपाशी गाडी अडली आणि साहेबही. नंतर हिशेब केला: दहा मिलिमीटरची पट्टी चढायला चार इंची चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या पाऊणपट आडवा जोर लागतो, आठ इंचीला निम्म्याहूनही थोडा कमी. कॅटलॉगात हे दोन्ही आकडे नसतात. मामांना हे आकड्यांशिवायच ठाऊक होतं. मोठ्या चाकानं ट्रॉलीची उंची वाढते, हे खरं. मग फ्रेम खाली घ्यावी.

४. चारही चाकं फिरती घ्यायचा मोह टाळलेला बरा. अरुंद जागेत ती छान वळतात, पण लांब पल्ल्यावर आणि जराशा उतारावर जड ट्रॉली तिरकी पळते. दोन फिक्स, दोन फिरती, आणि ढकलायचं फिरत्यांच्या बाजूनं.

५. चाकाची प्लेट फ्रेमला वेल्ड करू नये, बोल्टनंच बसवावी. वेल्डिंगच्या आचेनं फिरत्या भागातलं ग्रीस जळतं, आणि पुढे चाक बदलायचं तर ग्राइंडर घेऊन बसावं लागतं. आमचा वेल्डर अजूनही या मुद्द्यावर रुसतो.

६. साधा ब्रेक फक्त चाक थांबवतो. वरची फिरती मान मोकळीच असते. ट्रॉली जागेवर उभी, तरी जॉब उचलताना डुलते. चाक आणि मान दोन्ही धरणारा ब्रेक थोडा महाग पडतो, पण घ्यावा. दोन चाकांना पुरतो. हौसेनं चारांना लावला, तर पायानं चार खटके दाबायचा कंटाळा येतो आणि एकही दाबला जात नाही.