घरातील सोडा : ओळख, उपयोग आणि मर्यादा

आम्ल व अल्कली यांचा पाठ घेताना शिक्षकाने प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील घरोघरी स्वयंपाकघरात खाण्याचा सोडा असतो, उन्हाळ्यात पापड लाटावयाच्या वेळी पापडखार येतो, आणि अनेक न्हाणीघरांत धुण्याचा सोडाही सापडतो. तिन्ही पुड्या पांढऱ्याच. घोटाळा होतो तो येथेच.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हा सौम्य. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. हा तीव्र, आणि पोटात गेल्यास तोंड व घसा यांना दाह करणारा. पापडखार हे क्षारांचे मिश्रण असून त्याची तीव्रता सर्वत्र सारखी नसते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी असे क्षार पूर्वी गोळा करीत असत. लिंबाचा रस टाकला असता दोन्ही सोडे फसफसतात, म्हणून त्या परीक्षेने भेद कळत नाही. ओल्या हळदीने रंगविलेल्या कागदावर मात्र खाण्याच्या सोड्याचे पाणी फिकट तांबूस डाग पाडते, तर धुण्याच्या सोड्याचे गडद लाल. चव घेऊन परीक्षा कधीही करू देऊ नये. ही रंगाची परीक्षाही ढोबळच होय. खात्रीचा उपाय म्हणजे डब्यावर नाव लिहून चिकटविणे. वाचता येऊ लागलेल्या मुलाने घरी करावयाचे हे पहिले काम.

खाण्याचा सोडा तापविला किंवा त्यास आम्ल मिळाले म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व पीठ फुगते. एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम सोड्यास पुरेसे आम्ल मिळाल्यास सव्वा लिटरहून अधिक वायू निघतो. केवळ उष्णतेने त्याच्या निम्माच निघतो, आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचाच सोडा उरतो. सोडा जास्त पडलेली भजी साबणासारखी का लागतात, याचे उत्तर यात आहे. ढोकळ्याच्या पिठात आंबट ताक घालणाऱ्या गृहिणीस हे सूत्र ठाऊक नसेल, पण तिची कृती अचूक असते. सोडा घातल्यावर पीठ ताबडतोब उकडावयास ठेवावे. वायू थांबून राहत नाही.

विहिरीच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यास घट्ट ठेवतात. चिमूटभर सोड्याने ती मऊ होते हे खरे. परंतु क्षारयुक्त पाण्यात उकळताना ब-1 जीवनसत्त्वाचा मोठा नाश होतो. ज्या घरी डाळ-भाकरी हेच मुख्य अन्न, तेथे ही हानी लहान नव्हे. त्यापेक्षा डाळ तासभर व अख्खी कडधान्ये रात्रभर भिजत घालावीत, आणि शक्य तर पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी वापरावे.

द्राक्षे सोड्याच्या पाण्याने धुण्याची चाल आता पडली आहे. 2017 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग केला. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम सोडा घालून फळे 12 ते 15 मिनिटे बुडविली असता सालीवरील दोन कीटकनाशक-बुरशीनाशक द्रव्ये निघून गेली. सालीच्या आत शिरलेला अंश मात्र निघाला नाही. द्राक्षांवर प्रत्येक औषधाच्या बाबतीत हेच घडेल असे यावरून म्हणता येत नाही. वाहत्या पाण्याने धुणे चुकवू नये.

भांड्यांच्या बाबतीत नाशिकच्या तांबट आळीची ख्याती मोठी, आणि तेथील तांब्या-पितळेची भांडी अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तांब्यावरील काळा थर आम्लाने विरघळतो. म्हणून तेथे चिंच किंवा लिंबू-मीठच घ्यावे. तेलकट चिकटपणा मात्र सोड्याने सुटतो. दोन्ही एकत्र चोळल्यास ती एकमेकांस निष्प्रभ करतात. फेस पुष्कळ दिसतो, काम थोडेच होते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोड्याचे पाणी उकळू नये. ते पातेले काळे पडते, आणि धुण्याचा सोडा असेल तर धातूही झिजतो.