पुराचं काम, पुरी मजुरी

अगं, काल फोनवर तू बोललीस ते डोक्यातून जाईना. पवनेच्या पुरात पडलेली भिंत बांधायला जातेस, आणि मुकादम म्हणतो, "पुराचं काम आहे, सध्या कमी घ्या." तू गप्प राहिलीस. घरात पाणी शिरलेलं, डब्यातलं पीठसुद्धा भिजलेलं. अशा वेळी 'नाही' म्हणायला तोंड उघडत नाही, मला ठाऊक आहे. आपल्या आईनंही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून मिळेल ते पदरात घेतलं.

पण संकट आलं म्हणून किमान वेतन खाली येत नाही, एवढं गाठीला बांध. राजस्थान सरकारनं १९६४ साली कायदाच केला होता, दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा. पुढे अजमेरकडे बांधकाम खात्याच्या रस्त्यावर बाया राबत, पण टोळीचं काम मापून पैसे वाटले की किमान वेतनाचे सात रुपयेही हातात पडत नसत. तेव्हा तिथले समाजसेवक बंकर रॉय त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात गेले. १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला: किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं म्हणजे वेठबिगारी. अडलेल्या माणसाचा फायदा सरकारनंही घ्यायचा नाही. अमेरिकेतही २००५ च्या कॅटरिना वादळानंतर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सरकारी बांधकामावरचा मजुरीचा नियम उठवला होता. दोन महिन्यांत तो परत आणावा लागला.

आता तुझं सांगते. चाकणला एका शेडच्या कामावर माझी पंधरा दिवसांची मजुरी बुडाली, कारण माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. तू वही कर. तारीख, तास, ठेकेदाराचं नाव, हातात आलेले पैसे, आणि उचल वेगळी. जादा तासांना दुप्पट दर असतो. त्याच कामाला गड्याला जेवढे, तेवढेच तुला. ठेकेदारानं बुडवलं तर काम देणाऱ्या खात्याकडे मागता येतं. तिथं दाद लागली नाही तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जायचं. पण एकटीनं नको, चौघी मिळून जा.

वर्षात नव्वद दिवस भरले की दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदव.

रविवारी वही घेऊन ये. पहिलं पान मी आखून देते.