ऑक्सिटोसिन आणि आपले वजन

बाळंतपणात कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून देतात ते ऑक्सिटोसिन माता-भगिनींना ठाऊक आहे. हेच संप्रेरक स्त्री-पुरुष सर्वांच्याच मेंदूत तयार होते आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला मदत करते. त्यामुळे अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी ते नाकावाटे देऊन पाहिले. एकाच मात्रेने पुरुषांची न्याहारी कमी झाली, आशा वाढली. पुढे ६१ लठ्ठ व्यक्तींवर ८ आठवडे चाचणी झाली. काहींना खरे औषध, काहींना नुसता फवारा. वजनात फरक पडला नाही!

म्हणून वजन उतरवण्यासाठी ऑक्सिटोसिनचा स्प्रे कुणी विकत असेल तर आपण घेऊ नये. गोठ्यातल्या इंजेक्शनला तर हातही लावू नये. मात्रा जास्त झाली की अंगात पाणी साठते, रक्तातले सोडियम घसरते, झटकेही येऊ शकतात.