पित्याच्या हातचा घास

शास्त्रवाचन : होशेय ११:१–४, मार्क ५:३५–४३, योहान २१:१–१७

पाठाचा हेतू : लेकराला खाऊ घालणे हे पित्याचेही सेवाकार्य आहे हे समजून घेणे व घरी त्याप्रमाणे वागणे.



जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही, त्याच्याविषयी पौलाने तीमथ्याला फार कडक शब्द लिहिले आहेत (१ तीमथ्य ५:८). या वचनावर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. बापाने कष्ट करावे, पगार दारूत घालवू नये, महिन्याचे धान्य वेळेवर भरावे, असा बोध त्यातून काढला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु डब्यात धान्य भरले म्हणजे तरतूद पुरी झाली काय? डब्यातला तांदूळ आणि आठ महिन्यांच्या लेकराचे तोंड यांमध्ये बरेच अंतर आहे. निवडणे, धुणे, शिजवणे, घोटणे, निववणे आणि मग अर्धा तास मांडीवर घेऊन एकेक घास भरवणे, हे ते अंतर होय. बहुतेक घरांत हे अंतर आई एकटी चालते. तेथे बापानेही चालावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. शास्त्र काय शिकविते?

होशेयाच्या अकराव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाविषयी आपला पुत्र म्हणून बोलतो. तो त्याला चालावयास शिकवितो, कवेत घेतो आणि खाली लवून खाऊ घालतो. हे लवणे लक्षात ठेवा. आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्याला लेकरासाठी वाकण्यात कमीपणा वाटला नाही.

मार्काच्या पाचव्या अध्यायात याइराची बारा वर्षांची मुलगी मेलेली उठली. खोलीत तिचे आईबाप व तीन शिष्य होते. सर्वजण आश्चर्याने थक्क झाले असता प्रभूने दोन आज्ञा दिल्या. ही गोष्ट कोणाला सांगू नका, आणि हिला काही खावयास द्या. दुसरी आज्ञा त्याने एकट्या आईला दिली, असे मार्क लिहीत नाही. याइर सभास्थानाचा अधिकारी होता, तरी ती त्यालाही लागू होती.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू समुद्रकिनारी उभा आहे. रात्रभर श्रम करून रिकाम्या हाताने आलेल्या शिष्यांना तो मुले म्हणून हाक मारतो आणि खावयास काही आहे काय, असे विचारतो. ते किनाऱ्याला लागतात तो कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि जवळ भाकर! मग तो स्वतः भाकर घेऊन त्यांना वाढतो. न्याहारी झाल्यावरच तो पेत्राला कोकरे चारण्याची आज्ञा देतो. हा क्रम शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अवश्य दाखवावा. प्रभूने आधी स्वतः खाऊ घातले, मग चारावयास सांगितले.

याच्या उलट एक उदाहरणही शास्त्रात आहे. याकोबालाही रांधता येत होते. त्याने मसुरीचे वरण शिजविले, पण भुकेल्या भावाला ते ज्येष्ठपणाच्या हक्काच्या बदल्यात दिले (उत्पत्ति २५:२९–३४). अन्न तेच, पण त्याला किंमत लावली. "मी कमावतो, म्हणून मी आधी जेवणार," असे म्हणणारा बाप याकोबाच्याच चुलीपाशी बसला आहे.

२. आपल्या घरांत काय दिसते?

केंद्र शासनाने २०१९ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणारे पुरुष शंभरात सुमारे २६ आणि स्त्रिया सुमारे ८१ आढळल्या. हे काम करणाऱ्या स्त्रियांना त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे लागत, तर पुरुषांना ९७ मिनिटे.

दुसरी पाहणी लेकरांची. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या मध्य प्रदेशात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी शंभरात सुमारे ७३ जणांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. शंभरात सुमारे ३६ बालके वयाच्या मानाने खुजी होती. साऱ्या देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी शंभरात जेमतेम ११ होती. गरिबी हे याचे मोठे कारण आहे, यात संशय नाही. पण ज्या घरी पगार येतो, तेथेही अशी लेकरे आढळतात. तेथे धान्याची वाण नसते, भरवणाऱ्या हातांची असते. एका बाईने सासूसासऱ्यांचे पथ्य, नवऱ्याचा डबा, थोरल्याची शाळा आणि धाकट्याचे भरवणे किती सांभाळावे? घाईत लेकराच्या हाती बिस्किट दिले जाते आणि ती माउली सर्वांच्या मागून उरलेले खाते.

"हे बायकांचे काम," असे आपण म्हणतो. पण मुरारच्या छावणीत पलटणीच्या लंगरात पुरुष रांधतात. लग्नाच्या मांडवात आचारी पुरुष असतो, मिठाईच्या दुकानात हलवाई पुरुष असतो. पैसे मिळतात तेथे रांधण्याची लाज वाटत नाही. मग स्वतःच्या लेकरासाठीच का वाटावी? दाल बाजारातून उत्तम डाळ पारखून आणणाऱ्याला तिचे वरण करता येऊ नये काय?

कित्येक घरी मुलगा स्वयंपाकघरात शिरला की त्याच्या आईलाच वाईट वाटते. अशा वेळी पाचवी आज्ञा मोडू नये. "आई, तुम्ही बसा, मला शिकवा," असे नम्रपणे म्हणावे. शिकविण्याचा मान मिळाला की पुष्कळ विरोध मावळतो.

३. पित्याने काय शिकावे?

पहिले सहा महिने. या काळात बाळाला केवळ आईचे दूध द्यावयाचे असते. ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातल्या उन्हाळ्यातही त्याला वरचे पाणी लागत नाही. म्हणून या महिन्यांत बापाने बाळाला नव्हे, तर बाळाच्या आईला खाऊ घालावे. तिला वेळेवर गरम जेवण व पाणी मिळते की नाही, हे पाहणे त्याचे काम. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत बाळंतपणाच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ज्यांना ती मिळते त्यांनी ती पाहुण्यांच्या सरबराईत न घालविता चुलीपाशी घालवावी.

सहा महिन्यांनंतर. सहा महिने पुरे होताच आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढे तीन-चार वेळा भरवावे; मोठ्या बाळाला मध्ये एखादे वेळी फळ द्यावे. आरंभी दोन-तीन चमचे पुरतात.

खिमट. बापाने पहिल्याने हेच शिकावे. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मूगडाळ निवडून, धुऊन, कापडावर सुकवावी. मंद आचेवर भाजून रवाळ दळावी आणि कोरड्या डब्यात ठेवावी. दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून, ढवळत राहून नीट शिजवावे व वर अर्धा चमचा तूप घालावे. खिमट चमच्यावर ठरेल इतके दाट हवे. पातळ पेजेने पोट भरते, अंग भरत नाही.

आठ गट, पाच वस्तू. बालकाच्या आहाराचे आठ गट मानतात : आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी, दाणे व तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गाजर, भोपळा, पालेभाजी, पपई, आंबा यांसारखी जीवनसत्त्व अ देणारी फळे व भाज्या, आणि इतर फळे-भाज्या. यांपैकी निदान पाच गट रोज पोटात जावेत. हिवाळ्यात आपल्या बाजारात चाकवत (इकडे ज्याला बथुआ म्हणतात) व मेथी मुबलक येते. ती शिजवून वरणात घोटावी व वर लिंबू पिळावे. त्याने भाजीतले लोह अंगी लागते. चहा मात्र लेकराला देऊ नये, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात लोहाचे औषध असते. ते आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर द्यावयाचे असते. त्याची चौकशी आशाताईकडे बापाने स्वतः करावी. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी घरी नेण्याचा आहार मिळतो.  तो लेकराच्या वाट्याचा आहे, साऱ्या घराचा नव्हे.

सावधगिरी. भरविण्यापूर्वी स्वतःचे व बाळाचे हात साबणाने धुवावेत. उन्हाळ्यात सकाळचे खिमट दुपारी देऊ नये. थोडे करावे, ताजे करावे. वर्षाच्या आत मध देऊ नये. मीठ-साखरही घालू नये. अख्खे चणे-शेंगदाणे लहानग्याच्या घशात अडकतात, म्हणून कुटून द्यावेत. अंडे पुरते उकडलेले असावे. जुलाब झाल्यास जेवण तोडू नये. क्षारसंजीवनी द्यावी व डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात.

४. घरी व मंडळीत

मालनपूरच्या कारखान्यात पाळी करणारा बाप तिन्ही वेळा घरी नसतो, हे खरे. त्याने दिवसातली एक वेळ आपली म्हणून धरावी. ती न्याहारीची असो वा रात्रीची. त्या वेळेचे रांधणे, भरवणे व भांडी घासणे, सारे त्याचेच. "बायकोला मदत केली," असे मात्र त्याने म्हणू नये. मदत दुसऱ्याच्या कामात करतात; हे त्याचेच काम आहे.

मंडळीच्या प्रीतिभोजनात एखाद्या वर्षी पुरुषांनी रांधावे व तान्ह्या लेकरांच्या आयांना पहिल्या पंगतीस बसवावे. उपदेशाहून ही पंगत अधिक शिकवील.

शिक्षकांस सूचना : वर्गात काही मुले बाप नसलेली, काही बाप परगावी असलेली असतील. त्यांचे मन दुखवू नका. आजोबा, मामा, थोरला भाऊ, ज्याने ज्याने भरविले त्याची आठवण काढू द्या. मुलग्यांना वाटाणे सोलणे, तांदूळ निवडणे यांसारखे एक काम आठवड्याला घरी करावयास सांगा. उद्याचे बाप आज तुमच्या वर्गात बसले आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. याइराला दिलेली आज्ञा आपल्या घरी कोण पाळतो?
२. याकोबाचे वरण आणि प्रभूची न्याहारी यांत काय फरक आहे?
३. आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? तिच्या ताटात काय उरते?
४. काल आपल्या घरच्या लहानग्याच्या पोटात आठांपैकी किती गट गेले? हे बापाला ठाऊक होते काय?
५. या आठवड्यात मी कोणती एक वेळ आपली म्हणून धरणार?

बंधूंनो, शेवटचा प्रश्न वहीत लिहून ठेवू नका. आज रात्री जेवणापूर्वी पत्नीला त्याचे उत्तर सांगा, आणि उद्या त्या वेळी चूल तुम्ही पेटवा.