तबकडी आपोआप कां उघडत नाहीं?

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत लग्नाचें व गोंधळाचें चित्रण डीव्हीडीच्या तबकडीवर जपून ठेविलेलीं घरें अद्याप आहेत. लिनक्स प्रणालीच्या संगणकांत अशी तबकडी घातली आणि पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं, कीं ती बिघडली असें समजून टाकून देणें ही आमच्या मतें फार घाई होय.

तबकडीवरील सूक्ष्म खुणा लेसर किरणानें वाचणें हें यंत्राचें काम. तींतील फाईली संगणकाच्या रचनेशीं जोडून देणें हें प्रणालीचें. ह्या जोडणीस 'माउंट करणें' म्हणतात. म्हणून प्रथम ती हातानें आज्ञा देऊन जोडून पाहावी. जोडली गेली, तर तबकडी शाबूत आहे. अडलें आहे तें केवळ आपोआप जोडणाऱ्या सेवेचें. पुष्कळदां 'एफएसटॅब' नांवाच्या यादींत तबकडीयंत्राची जुनी ओळ राहून गेलेली असते व तिच्यापाशीं ही सेवा अडखळते. यादीची नक्कल ठेवून, प्रशासकाच्या अधिकारानें त्या ओळीच्या आरंभीं हॅश चिन्ह घालावें आणि संगणक पुन्हां सुरू करावा.

हातानेंही न जोडल्यास त्याच यंत्रांत दुसरी तबकडी घालून पाहावी. ती चालली, तर पहिली मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे पुसावी. गोल गोल पुसूं नये. (गाण्यांच्या सीडीवर फाईली नसतातच, ती माउंट होत नाहीं ह्यांत दोष कांहींच नाहीं.) एकदां उघडली, कीं चित्रणाची नक्कल त्याच दिवशीं संगणकांत उतरवून घ्यावी.