बोलण्यात अडखळणारे मूल आणि शाळेतले भाषण

नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळेतल्या कार्यक्रमांचा हंगाम. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, मग २६ जानेवारी आणि स्नेहसंमेलन. प्रत्येक वेळी वर्गात एकच प्रश्न येतो, ‘भाषण कोण करणार?’ ज्यांचे मूल उशिरा बोलू लागले, बोबडे बोलते किंवा अडखळते, त्या आईवडिलांना या दिवसांत काळजी लागते. शाळेच्या फाटकाशी थांबलेले पालक मग एकमेकांना सल्ले देतात. त्यातले काही उपयोगी असतात, काही वेळ घालवतात, तर काही अपाय करतात. त्यांची निवड कशी करावी, ते या लेखात पाहू.

आधी अडचण ओळखा

बोलण्याच्या अडचणी एकसारख्या नसतात.

१) उशिरा बोलणे : वयाच्या मानाने शब्द कमी असणे, वाक्य न जुळणे.

२) बोबडे बोलणे : ‘रवी’ला ‘लवी’, ‘काका’ला ‘ताता’ म्हणणे. लहान वयात हे स्वाभाविक असते. ‘र’सारखे अवघड ध्वनी काही मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत नीट जमत नाहीत.

३) तोतरेपणा : पहिले अक्षर पुन्हापुन्हा येणे, ते लांबणे किंवा शब्द घशातच अडकणे. हे बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होते आणि बऱ्याच मुलांत आपोआप जाते. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले, बोलताना मूल डोळे मिटते किंवा मान झटकते, किंवा घरात आणखी कोणी तोतरे असेल, तर तज्ज्ञाला दाखवावे.

वयाचा ढोबळ अंदाज असा : एका वर्षाच्या सुमारास मूल नावाला प्रतिसाद देते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल ५० च्या आसपास शब्द वापरते आणि ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडते. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे घरच्यांना कळते, चार वर्षांच्या मुलाचे परक्यालाही कळते. मूल यापेक्षा बरेच मागे असेल, किंवा येत असलेले शब्द बोलणे थांबले असेल, तर वाट पाहू नये.

बोली हा दोष नाही

‘पाणी’ला ‘पानी’, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला कधी कधी शाळेत ‘अशुद्ध बोलतो’ म्हणून मागे बसवले जाते. घरात, शेजारी, वस्तीत सगळे तसेच बोलत असतील, तर मुलाची जीभ आणि कान उत्तम काम करत आहेत. ते ऐकलेले अचूक उचलते आहे. ही त्याची बोली आहे, आजार नाही. प्रमाण मराठी ते वाचनातून आणि सरावातून शिकेल. त्यासाठी त्याच्या घरच्या बोलीची लाज वाटायला लावू नये. लाजलेले मूल बोलायचेच बंद करते आणि मग खरी अडचण सुरू होते.

घरात दोन भाषा बोलल्याने मूल उशिरा बोलते, हाही गैरसमज आहे.

ऐकीव सल्ले

‘पोपटाचे उष्टे खायला द्या.’ याने बोलणे येत नाही, उलट जंतुसंसर्ग होऊ शकतो.

‘जिभेला मधात वेखंड उगाळून लावा.’ एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

‘जिभेखालचा पडदा कापून घ्या.’ उशिरा बोलण्याचे कारण क्वचितच तिथे असते. तपासणीशिवाय शस्त्रक्रिया नको.

‘मुलगे उशिराच बोलतात.’ मुलगा असो वा मुलगी, तपासणी सारख्याच वेळेला करावी.

‘मोबाइलवर गाणी लावा, शब्द शिकेल.’ मूल बोलायला शिकते ते समोरचा माणूस उत्तर देतो म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे की दोन वर्षांखालील मुलाला स्क्रीन देऊच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको.

पहिली तपासणी कानाची

जे ऐकू येत नाही, ते बोलता येत नाही. मूल आवाजाकडे वळते, म्हणजे त्याला सगळे नीट ऐकू येते असे नाही. वारंवार सर्दी, कान वाहणे, कानाच्या पडद्यामागे पाणी साचणे यांनीही ऐकणे कमी होते. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि श्रवण तपासणी, मग वाचा उपचार हा क्रम ठेवा. हाक मारल्यावर पाहत नाही, नजर देत नाही, बोट दाखवून मागत नाही, अशी लक्षणे असतील तर बालरोगतज्ज्ञांना स्वमग्नतेबद्दल विचारा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी मुलाला नक्की हजर ठेवा आणि अडचण तोंडाने सांगा. तिथून जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मोफत पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, नायर रुग्णालयातही श्रवण व वाचा उपचार विभाग आहे.

घरी काय करावे

मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोला. भाकरी थापताना, कपडे घालताना जे करता ते शब्दांत सांगा. ‘दूध देऊ की केळं?’ असे विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबा. ते ‘गाडी’ म्हणाले, तर ‘हो, लाल गाडी गेली’ असे वाढवून म्हणा. त्याचे बोबडे बोल उचलून बोलू नका. तोतऱ्या मुलाला ‘नीट बोल’, ‘श्वास घे’ असे सांगू नका आणि त्याचे वाक्य स्वतः पूर्ण करू नका. आपण सावकाश बोललो की त्याची घाई कमी होते.

शाळेच्या कार्यक्रमात

दोन टोके टाळावीत. एक, ‘हसे होईल’ म्हणून मुलाला घरी ठेवणे. दुसरे, ‘भीड मोडेल’ म्हणून त्याला एकट्याला माइकसमोर उभे करणे. पहिल्याने मूल एकटे पडते, दुसऱ्याने भीती पक्की होते.

तोतरेपणाबद्दल एक गोष्ट सर्व पालकांना माहीत असावी. बहुतेक तोतरी मुले इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना किंवा गाताना अडखळत नाहीत. संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन, समूहगीत, विहारातील त्रिशरण-पंचशील या त्यांच्यासाठी हक्काच्या जागा आहेत. याने तोतरेपणा बरा होत नाही, पण आपला आवाज सभेत सहज निघतो, हे मुलाला कळते.

कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी शिक्षकांना भेटा आणि या गोष्टी मागा :

• मुलालाच विचारावे की त्याला काय करायचे आहे.

• एकट्याऐवजी जोडीने बोलू द्यावे, किंवा दोन-तीन वाक्येच द्यावीत.

• पाठांतराची सक्ती नको, कागद हातात असू द्यावा.

• अडकल्यास कोणी शब्द पुरवू नये, शिक्षकांनी शांतपणे थांबावे.

• नक्कल करणाऱ्या मुलांना शिक्षकांनी त्याच वेळी समज द्यावी.

• बोलायचे नसल्यास चित्र, फलकलेखन, नाटिकेतील मूक भूमिका असे खरे काम द्यावे.

घरी आल्यावर ‘किती वेळा अडखळलास?’ असे विचारू नका. ‘तू काय सांगितलेस?’ असे विचारा आणि ते पूर्ण ऐका. सल्ला देणाऱ्या शेजारच्या पालकालाही हेच सांगा : कान तपासा, वेळ घालवू नका आणि मुलाचे बोलणे मध्येच तोडू नका.